उतरण : जोर कमी, वाट लांब



उतरण हे एक यंत्र आहे असे सांगितले की माणसे हसतात. यंत्र म्हटले की चाक हवे, पट्टा हवा, आवाज हवा! पण शाळेच्या विज्ञानात तरफ, कप्पी, पाचर यांच्या पंक्तीला उतरणही बसवलेली आहे आणि ते योग्यच आहे.

इस्लामपूरच्या पेठेत ट्रक भरताना पाहावे. दोनशे किलोचे भरलेले पिंप चार फूट उंच हौद्यात उचलून ठेवणे दोघा हमालांच्या आवाक्यातले नाही. तेच दोघे बारा फुटांची जाड फळी हौद्याला टेकवतात आणि पिंप लोटत वर नेतात. फळी उंचीच्या तिप्पट, म्हणून जोर एक तृतीयांश, म्हणजे सुमारे सदुसष्ट किलोचा. घर्षणाचे थोडे वेगळे द्यावे लागते. मात्र चार फुटांऐवजी बारा फूट लोटावे लागते. एकूण काम तेवढेच. उतरण कर्ज माफ करीत नाही, हप्ते बांधून देते.

वाळवा तालुक्यातील जुन्या शेतकऱ्यांना तिचा आणखी एक उपयोग ठाऊक आहे. मोटेची धाव विहिरीपासून पुढे उतरती ठेवीत. भरलेली मोट ओढताना बैल उताराने खाली जात, त्यामुळे त्यांच्या अंगाचे वजनही नाड्यावर पडे. मागे येताना चढ लागे, पण तेव्हा मोट रिकामी. विहीर जितकी खोल, तितकी धाव लांब. साताऱ्याजवळ लिंब येथे १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर आजही पाहावयास मिळते. विजेचे पंप आले आणि गावोगावच्या धावा शेतात मिळून गेल्या.

सांगलीकडून मुंबईस जाणारी रेल्वे लोणावळ्याहून कर्जतला बोरघाटाने उतरते आणि परतताना तोच घाट चढते. १८६३ साली हा लोहमार्ग सुरू झाला. सुमारे १८३० फुटांच्या चढासाठी पंधरा मैलांहून अधिक लांबीची वाट डोंगरातून काढावी लागली. सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट, तरीही वर येणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. हा मार्ग खोदताना कित्येक मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ साली येथेच मरण पावला आणि पुढचे काम त्याच्या पत्नीने चालविले.

आता देवळाच्या जोत्याकडे येऊ. जीर्णोद्धारात जोते उंच घेतले की देऊळ लांबून शोभते, यात शंका नाही. पण गुडघे धरलेली म्हातारी, जिने पंढरीच्या वाऱ्या पायी केल्या, ती गावच्याच देवळाच्या पहिल्या पायरीला हात लावून माघारी फिरते. चाकाच्या खुर्चीतील माणसाला चौघांनी उचलून न्यावे लागते. दोनदा उचलून घेतल्यावर तो संकोचाने येईनासाच होतो.

सार्वजनिक इमारतींसाठी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत एक फूट चढास बारा फूट लांबी सांगितली आहे. जोते तीन फूट असेल तर उतरण छत्तीस फूट झाली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी सहा-सात फुटांत सिमेंटचा उतार ओढून काम संपविले जाते. त्यावरून मोटारसायकल चढते, खुर्ची चढत नाही आणि उतरताना तर ती हातातून सुटते. असा उतार न केलेला बरा.

छत्तीस फूट जागा आणायची कोठून, हा प्रश्न खराच आहे. सभामंडपासमोरचे अंगण कमी होईल, नावाच्या फरशा बसवायची भिंतही थोडी अडेल. परंतु उतरण सरळच हवी असे नाही. घाटाला वळण असते तसे तिलाही देता येते. अठरा फूट जावे, पाच फुटांची सपाट जागा विसाव्याला ठेवावी, वळून पुन्हा अठरा फूट. रुंदी निदान चार फूट, दोन्ही बाजूंस कठडा. आणि वर गुळगुळीत संगमरवर नको, पावसाळ्यात पाय धरून ठेवील असा टाकीचा खरबरीत दगडच बसवावा.