रेशनच्या दुकानात ज्वारी का नाही?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शाश्वत शेती आणि शासनाचे धोरण’. संयोजकांना मी हो म्हणालो खरा, पण मला बोलायचंय ज्वारीवर. मागं उदगीरला पाण्यावर बोलायला बोलावलं होतं, तिथंही शेवटी ज्वारीवरच आलो. (हशा) तेव्हा तयारीनं बसा.

सोयाबीनचं मी सांगत बसत नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता. मोंढ्यात काय मिळालं, बारा टक्के ओलाव्याची अट, बारदाना, नोंदणीच्या रांगा हे सगळं तुम्ही भोगलंय. अट पंधरा टक्क्यांवर नेली तेव्हा कितीकांचा माल विकून झालेला होता. सोडा.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकार शेतकऱ्याला काय पेरा म्हणतं, याला फारसा अर्थ नाही. सरकार काय विकत घेतं आणि कुणाच्या ताटात घालतं, ते बघा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. महोत्सव झाले, ज्वारीच्या कुकीज झाल्या. त्याच वर्षी जानेवारीपासून रेशनचं धान्य फुकट झालं. अहमदपूरच्या दुकानात मिळालं काय? गहू आणि तांदूळ. अधूनमधून कुठं महिना-दोन महिने ज्वारी येते आणि पुन्हा बंद पडते. जिथं बालाघाटाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली, तिथं पोतं येतं परराज्यातून.

बरं, कायदा आडवा येतो म्हणावं, तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन भाव लिहिले होते : तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरडधान्य एक रुपया किलो. ज्वारीची जागा होतीच, आपण ती भरली नाही. तुमच्या सोयरिकी बिदरकडं आहेत, त्यांना विचारा. कर्नाटक सरकार हमीभावानं घेऊन उत्तरेकडं ज्वारी आणि दक्षिणेकडं नाचणी रेशनवर देतं. आणि ही पुढच्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी सांगतील, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर काय खाल्लं ते. (श्रोत्यांतून : मिलो!) मिलो! अमेरिकेची तांबडी ज्वारीच ती. म्हणजे जहाजातून आली तर ज्वारी रेशनवर चालते, अहमदपूरच्या रानातली चालत नाही. (टाळ्या)

यावर साहेब लोक म्हणतात, ज्वारी टिकत नाही, किडते. त्यासाठी पेवाचं सांगतो, दोन मिनिटांत.

आमच्या वाड्यापुढं पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तळाला, कडांना कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वरून पुन्हा कडबा, दगड, आणि तोंड चिखलानं लिंपून टाकायचं. उघडायच्या दिवशी आम्हा पोरांना लांब उभं करायचे. तोंड मोकळं केलं तरी कुणी लगेच उतरत नसे. आजोबा दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला की सगळे मागं सरायचे. तोंड उघडं ठेवून तासन्‌तास थांबायचं, पुन्हा कंदील सोडायचा. कारण आत दाण्यानं श्वास घेऊन घेऊन हवा संपवलेली असते. माणूस उतरला तर गुदमरतो. आणि मंडळी, किडाही गुदमरतो! पेवाचं शास्त्र ते एवढंच. ज्वारी पिवळट निघायची, तिला एक कोंदट वास यायचा. आजी ती अंगणात वाकळांवर उन्हात घालायची. भाकरी जराशी आंबूस लागायची, पण दुष्काळात गाव जगायचं. आता त्याच तत्त्वावर हवाबंद पिशव्या विकत मिळतात. केंद्रानंही २०२१ मध्ये ज्वारी वाटायची मुदत सहा महिन्यांवरून नऊ महिने केली…

काय म्हणता? पेवात माणसं मेलीत? मेलीत ना. मी कुठं म्हणतो, तहसीलसमोर पेव खणा! (हशा) गावातच साठवा आणि गावातच वाटा, एवढं म्हणतोय.

हा, मागून एक प्रश्न आला, मला वाटलंच होतं. ‘सर, ज्वारी काढायला माणूस कुठंय?’ तुम्ही काय मला शेती न केलेला समजता का? रब्बीची ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, आणि त्याआधी पाखरं राखायची. बायांचे हात सोलून निघतात. पण सोयाबीन काढायचं यंत्र गावात कधी आलं? सगळ्यांनी सोयाबीन पेरल्यावर. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ आहे. पण खरेदीच झाली नाही, तर तो आकडा कागदावरच राहतो. मग मजुरी परवडायची कशी आणि यंत्र कोण आणणार? कडब्याचे पैसे मी अजून धरलेलेच नाहीत.

चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटे’. तिच्यामागं दुसरी आलीय, ‘तीन’. पेवानं घोटाळा केला. सेंद्रिय शेती, गटशेती, पीकविमा हे सगळं राहिलं, आणि संयोजकांची मी माफी मागतो, कारण पत्रिकेवर तेच होतं.

मागणी सांगतो आणि उतरतो. सुरुवात रेशनपासून नको, शासकीय वसतिगृहांपासून करा. आठवड्यातून तीन दिवस रात्री भाकरी, आणि ज्वारी घ्यायची ती याच तालुक्यातून. ग्रामसभेत ठराव घ्या, मी मसुदा लिहून आणलाय, दाराशी ठेवलाय. मुलं खाणार नाहीत म्हणतात. तीच मुलं महामार्गावरच्या हॉटेलात चपातीपेक्षा जास्त पैसे मोजून भाकरी मागवतात.

आता प्रश्न विचारा. फक्त उसावर नको. उसावर बोलायला उद्याचे वक्ते आहेत, आणि ते कारखान्याच्या गाडीनं येणार आहेत. (हशा)