अद्भुत कथेची शीव
(एका वाचनालयाच्या मेळाव्यात झालेले भाषण)



चालकांनी आम्हांस विषय दिला आहे तो असा : ज्या कथेत अशक्य गोष्टी घडतात तिला अद्भुत कथा, हल्लीच्या बोलीत फँटसी, म्हणावयाचे, मग तिची शीव कोठे लागते व कोठे संपते? प्रश्न रिकामपणाचा वाटेल. पण शेताचा बांध कोरला गेला की कोणाचे तरी रान कमी होते. हा बांध कोरल्याने कोणाचे रान जाते, ते पुढे सांगतो.

पुष्कळांचे म्हणणे असे की, घडणे शक्य ते वास्तव, विज्ञानाच्या बळावर उद्या घडेल ती विज्ञानकथा आणि कधीच घडणार नाही ते अद्भुत. ऐकावयास हे सोपे आहे, पण टिकत नाही. फ्रेंच कादंबरीकार जूल व्हर्न याने 1865 साली आपली माणसे तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे उडविली. इंग्रज लेखक वेल्स याने 1901 साली गुरुत्वाकर्षण अडविणारा एक पदार्थ कल्पून आपली माणसे थेट चंद्रावर उतरविली. व्हर्नची तक्रार अशी की, आपण खरी दारू वापरली, वेल्सने मात्र जगात नसलेला पदार्थ आणला. तक्रार खरी, पण व्हर्नच्या गोळ्यातील माणसांचा पहिल्याच धक्क्यास चेंदामेंदा झाला असता, हेही तितकेच खरे. शक्याशक्यतेच्या साखळीने ही जमीन मोजता येत नाही.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन यांनी 1939 साली स्कॉटलंडात परीकथेवर व्याख्यान दिले. लेखकाने उभारलेल्या जगाचे नियम आतल्या आत जुळले म्हणजे वाचक त्या जगात असेपर्यंत त्यावर विश्वास ठेवतो, असे त्यांचे मत. त्या जगात असेपर्यंत! आमच्या मते शिवेचा दगड येथेच आहे. पुस्तक मिटल्यावर आपणांकडून काय मागितले जाते ते पाहावे.

दोन गलबते घ्या. अरबी गोष्टींतला सिंदबाद सोबत्यांसह एका बेटावर उतरतो. चूल पेटते आणि बेट हलू लागते, कारण ते बेट नसून मासा असतो. दुसरे गलबत सत्यनारायणाच्या पोथीतील साधुवाण्याचे. त्यातील धनाची पाने-वेली होतात. पुढे त्याची लेक प्रसाद न घेता नवऱ्यास भेटावयास धावते म्हणून नवऱ्यासकट नौका बुडते. अद्भुतपणात दोन्ही गलबते सारखीच. किंबहुना मासा थोडा अधिक. आता व्यवहार पाहा. सिंदबाद आपली कथा एका हमालास सांगतो, त्यास पोटभर जेवू घालतो आणि प्रत्येक सफरीची गोष्ट संपली की त्याच्या हातावर शंभर मोहोरा ठेवतो. पोथीत उलटे आहे. ऐकणाऱ्याने सव्वा मापाने रवा, साखर, तूप आणावयाचे, सांगणाऱ्यास दक्षिणा द्यावयाची, आणि न दिल्यास आपलेही गलबत बुडेल ही धास्ती घेऊन निजावयाचे. पहिली अद्भुत कथा होय. दुसरीस आम्ही हुकूमनामा म्हणतो.

पोथीचा साज असला म्हणून कोणी पोथी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. मुकुंदराव पाटलांचे 1913 चे 'कुलकर्णी लीलामृत' पोथीच्याच थाटाचे आहे. ते वाचून कोणी कुलकर्ण्यास नैवेद्य दाखविल्याचे ऐकिवात नाही.

जोतीरावांवर एक आक्षेप अजून घेतला जातो. 'गुलामगिरी'त (1873) त्यांनी मत्स्य, वराह, नरसिंह यांची उलटतपासणी केली, म्हणजे त्यांस काव्य कळले नाही, असे म्हणतात. अहो, काव्य म्हणून पुढे आलेल्या गोष्टीची कोणी उलटतपासणी करील काय? साक्ष म्हणून जे पुढे आले, ज्याच्या आधारावर एक जात भूदेव व बाकीच्या शूद्र ठरल्या, त्याची तपासणी साक्षीप्रमाणेच व्हावयाची. परशुराम चिरंजीव आहे ना, मग मुदतीत हजर व्हावे, अशी नोटीसच त्यांनी काढली. कल्पित पात्रास कोणी नोटीस देत नाही. तो कल्पित आहे एवढे कबूल करा, जोतीराव तत्काळ नोटीस मागे घेतील.

हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 साली 'वैमानिक शास्त्र' हा प्राचीन म्हणविला जाणारा ग्रंथ तपासला. तो 1904 च्या मागे जात नाही आणि त्यातील विमाने उडणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तरी 2015 च्या जानेवारीत मुंबईस भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. ती विमाने कादंबरीत उडती तर आम्ही हौसेने तिकीट काढले असते. पण ज्या शेतकऱ्याच्या पोराने घराण्यात प्रथमच भौतिकशास्त्राचे पुस्तक हाती धरले, त्याच्या पुढ्यात ती शास्त्र म्हणून आली, की रान त्याचे जाते.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, आमच्या समजुतीप्रमाणे, हाच बांध घातला आहे. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार कीर्तनात सांगण्यास त्यात मोकळीक आहे. चमत्काराचा प्रयोग करून पैसा काढणे व लोकांस फसविणे हा गुन्हा आहे. ह्या कायद्यासाठी झटलेले डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच साली, 20 ऑगस्टला, पुण्यात खून झाला. शिवेच्या भांडणात माणसे मरतात, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

आता कपाटांचे. सिंदबाद, वेताळपंचविशी, टोल्किन हे अद्भुताच्या कपाटात जावेत. 'वैमानिक शास्त्र' तेथेच ठेवावे व 1974 चा अहवाल त्याला चिकटून. राहिल्या श्रावणातल्या कहाण्या. त्या आटपाट नगरात सुरू होतात; त्या नगरास ना सर्व्हे नंबर ना तलाठी, तेव्हा त्या कल्पित हे उघड आहे. शेवटी मात्र व्रत मागतात. पण सांगणारी घरचीच आजी, दक्षिणा नाही, आणि उतल्या-मातल्या श्रीमंताची फजिती त्यांत पुष्कळ. त्यांचे कपाट कोणते, ह्याचा निकाल आमच्याने लागलेला नाही. त्या ज्यांच्या तोंडी आहेत अशा मायबहिणी ह्या सभेत बसल्या आहेत. त्यांनी उठून सांगावे.