लग्नाची चित्रफीत आणि अदृश्य श्रम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



लग्नाच्या चित्रफितीचे संकलन, ज्याला धंद्याच्या भाषेत ‘मिक्सिंग’ म्हणतात, हा विषय आपल्या अभ्यासवर्गाला साजेसा आहे काय, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. लग्नातील उधळपट्टी हा आपल्या टीकेचा जुना विषय आहे आणि ती टीका रास्तच आहे. परंतु या उधळपट्टीवर ज्यांची चूल पेटते, त्या माणसांच्या श्रमाचा विचार आपण सहसा करीत नाही. मंडपवाला, आचारी, बँडवाला निदान डोळ्यांना दिसतात. संकलक लग्नाला येतही नाही. त्याचे काम वऱ्हाड परत गेल्यावर, बहुधा रात्री, एखाद्या लहानशा खोलीत सुरू होते.

हे काम किती असते, याचा साधा हिशेब मांडू. हळद आणि लग्न मिळून दोन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी दहा तासांचे चित्रण केले असे धरा. आपल्याकडच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे तासाला ९० हजार आणि वीस तासांत १८ लाख चित्रे होतात. त्यातून अडीच तासांची चित्रफीत करावयाची म्हणजे आठांतील सात चित्रे टाकून एक ठेवावयाचे. सारे चित्रण नुसते एकदा पाहावयाचे झाले तरी वीस तास, म्हणजे आठ तासांच्या अडीच पाळ्या खर्ची पडतात. त्यानंतर दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळविणे, मंगलाष्टकांचा आवाज चित्राशी बसविणे, गाणी घालणे, पाहुण्यांची नावे चढविणे ही कामे आहेतच. शिवाय अलीकडे चार-पाच मिनिटांची ‘हायलाइट’ आणि मोबाईलसाठी त्याहून लहान तुकडे वेगळे मागतात.

या धंद्याची आर्थिक रचना आपल्या परिचयाची आहे. ऑर्डर स्टुडिओचा मालक घेतो. चित्रण करणाऱ्यांना तो दिवसाच्या हजेरीवर बोलावतो आणि संकलन नगावर, म्हणजे एका लग्नाला अमुक रुपये, असे बाहेर देतो. संगणक संकलकाचा, त्याचे हप्ते संकलकाचे, विजेचे बिलही संकलकाचे. उत्पादनसाधने मजुराच्या घरात असली म्हणजे तो मालक होतो, असा एक भ्रम आहे. विडी वळणाऱ्या बाईची कात्री आणि सूप तिच्या मालकीचे असते, म्हणून ती कारखानदार ठरत नाही.

विडी कामगारांचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांत ज्यांनी विडी कामगारांत काम केले त्यांना ‘छाट’ हा शब्द ठाऊक आहे. वळलेल्या विड्यांतून कारखानदाराचा माणूस काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढी आणि त्यांची मजुरी बुडे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यांची दखल घेतली आणि छाटीच्या तंट्यांसाठी तरतूद केली. चित्रफितीच्या धंद्यात या छाटीचे नाव ‘करेक्शन’ असे आहे. तयार चित्रफीत गिऱ्हाइकाकडे जाते आणि सूचना येतात. मावशी दिसल्या नाहीत, ते गाणे नको, मुलीचा चेहरा उजळ करा. एकदा, दोनदा, पाचदा. या फेऱ्यांचे दाम बहुधा मिळत नाही.

याचे एक कारण तंत्रात आहे. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा दोन यंत्रे आणि एक मिक्सर जोडून एका फितीवरून दुसरीवर चित्रण उतरवीत. मध्येच बदल करावयाचा तर तेथून पुढचे काम बहुशः पुन्हा करावे लागे, आणि प्रत्येक नकलेबरोबर चित्र फिके पडे. त्यामुळे गिऱ्हाईकही जपून मागणी करी. पुढे संकलन संगणकावर आले आणि कोणताही तुकडा केव्हाही हलविता येऊ लागला. बदल सोपा झाला आणि म्हणूनच तो फुकट मानला जाऊ लागला. यंत्राने श्रमाची उत्पादकता वाढविली, पण वाढीचा वाटा श्रमिकाकडे न येता मालक आणि गिऱ्हाईक यांच्याकडे गेला. आता चेहरे ओळखून चित्रण निवडणारी संगणकीय साधने आली आहेत. संकलकांची सामुदायिक ताकद नसेल तर तीही भाव पाडण्यासाठीच वापरली जातील.

गाण्याचे उदाहरण घ्या. विवाहसोहळ्यात गाणे वाजविण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. मात्र तेच गाणे चित्रफितीवर चढवून इंटरनेटवर टाकणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे कंपनीच्या हरकतीने आवाज बंद होतो. गाणे गिऱ्हाइकानेच सांगितलेले असते, परंतु ते बदलण्याची वेठ संकलकाला पडते.

त्यातच काम हंगामी. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. हंगामात रात्र पुरत नाही. पावसाळ्यात साचलेले काम संपते आणि हप्ते मात्र संपत नाहीत. यजमानाकडून शेवटची रक्कम आली नाही असे कारण सांगून मालक मजुरी लांबवितो. धंद्याचा धोका असा खाली सरकत जाऊन सर्वांत दुबळ्या खांद्यावर येतो.

मित्रहो, ही झाली मजुरीची बाजू. दुसरी बाजू अशी की संकलन म्हणजे निवड, आणि निवडीत समाजाची उतरंड उतरते. काय राहते ते पाहा. रुखवत राहते, भांडी आणि दागिने सावकाश दाखविले जातात, पुढाऱ्याचे आगमन राहते, पाठवणीच्या वेळचे मुलीचे रडणे तर संथ गतीने लांबविले जाते. काय कापले जाते? वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाया, उष्टी काढणारी माणसे, पंगतीच्या मागचा आचारी. वधूची विधवा आई विधीपासून दूर उभी असते, म्हणून ती चित्रातही नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच वर्षी राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव खरोखर कितपत झिरपला, हे पाहावयाचे असेल तर त्यानंतरच्या लग्नांच्या चित्रफिती पाहाव्यात. आणि सावळ्या मुलीला संगणकावर गोरे करण्याचे काम ज्याला करावे लागते, तो स्वतः अनेकदा सावळा असतो, हेही ध्यानात घ्यावे.

यासाठी संकलकाला दोष देणे अन्यायाचे होईल. तो मागणी पुरवितो. मागणी बदलण्याचे काम आपले आहे. सत्यशोधक समाजाने १८७३ साली पुरोहिताशिवाय लग्न लावून दाखविले आणि जोतीरावांनी मंगलाष्टकांतून वधूच्या तोंडी स्त्रियांच्या हक्काची मागणी घातली. त्या परंपरेत १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करून लग्न करणारे आपल्यात आहेत. त्यांच्याही घरी चित्रफीत होतेच. निदान ती करताना राबणाऱ्यांचे चेहरे ठेवा, आईला पुढे उभी करा, रंग आहे तसा राहू द्या, असे सांगण्यास पैसे पडत नाहीत. शेवटी संकलकाचे नाव घालावयास सांगा. आज तेथे फक्त स्टुडिओचे नाव असते.

मजुरीसंबंधी मात्र सदिच्छा पुरणार नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात ‘घरी काम करणारा कामगार’ याची व्याख्या होती. साधने कोणाचीही असोत, दुसऱ्यासाठी मोबदल्यावर आपल्या घरी वस्तू किंवा सेवा निर्माण करणारा, असा तिचा आशय. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. घरी बसून मालकासाठी काम करणारा संकलक या व्याख्येत चपखल बसतो. परंतु व्याख्येत बसल्याने दर ठरत नाही. घरकामगारांना इतर मजुरांप्रमाणे वागणूक द्यावी, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.

म्हणून माझ्या सूचना मर्यादित आहेत. प्रत्येक तालुक्यात संकलकांची यादी करावी. त्यांत घरी काम करणाऱ्या मुली आणि स्त्रिया किती, हे पाहावे. त्यांना ई-श्रम नोंदणीस मदत करावी. फोटोग्राफरांच्या संघटनांत मालक आणि मजूर एकत्र बसतात. तेथे संकलकांचा स्वतंत्र आवाज उभा करावा. मागण्या तीनच असाव्यात: काम घेताना काही रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांनंतर प्रत्येक फेरीचे वेगळे दाम, आणि काम सोपविल्यापासून ठरलेल्या मुदतीत उरलेली मजुरी. हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. छाटीविरुद्ध लढताना विडी कामगारांनीही मोजण्यापासूनच सुरुवात केली होती.

हा वर्ग विखुरलेला आहे, तरुण आहे आणि स्वतःला कलावंत समजतो, मजूर समजत नाही. त्याची कला मान्य करूनच त्याच्याशी बोलावे लागेल. येत्या पावसाळ्यात, तो थोडा मोकळा असताना, त्याच्या दारी जाण्यास आरंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.