भोंग्याआधी पेटणारी शेगडी

पोळ्या लाटताना, शिलाई मशीनवर बसून, डबे भरताना, जिथे कुठे रेडिओ ऐकत असाल तिथे आमचा नमस्कार. आम्ही बचत गटाच्या बायका. वही, हप्ता, व्याज हे आमचे रोजचे विषय. आज आम्ही मुंबईच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. पण शेवटी गाडी वहीवरच येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. दोन वर्षांत तिथे सूत निघू लागलं. मग लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड असं सगळं गिरणगाव उभं राहिलं. ही गोष्ट सांगताना डोळ्यांपुढे येतो तो डबा घेऊन निघालेला गिरणी कामगार. बाई त्या चित्रात सहसा नसते.

खरं तर ती गिरणीतसुद्धा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यात तर बायकाच असत, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी असे नायकीण. रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली कामगारांची मोठी सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. त्याच वर्षी सुट्टी मिळाली. लोखंड्यांचं नाव आपल्याला शाळेत शिकवतात. त्या दोघींची नावं कुणी शिकवली का आपल्याला?

बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. आपल्या देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. आज ऑफिसातल्या मुलीला पगारी रजा मिळते, तिची सुरुवात गिरणीतल्या बाईपासून आहे.

आता गिरणीबाहेरच्या बाईकडे येऊ. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या पाचशेच्या आसपास. कारण उघड आहे. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून माणूस एकटा यायचा. बायको गावी शेत, सासू-सासरे आणि पोरं सांभाळायची. इकडे एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. एक पाळी कामावर, दुसरी पाळी झोपलेली. मग जेवायचं कुठे?

जेवायचं चाळीतल्या खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. एका बाईची एक खोली. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यातच तिचा संसार, त्यातच शेगडी, त्यातच पंगत. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी शेगडी पेटायची आणि शेवटच्या पाळीचा माणूस जेवून उठल्याशिवाय विझायची नाही. कोकणातल्याला भात आणि माशाची आमटी हवी, घाटावरच्याला भाकरी. ज्याच्या त्याच्या गावची चव ती बाई सांभाळायची. अनेक जणी गिरणी कामगारांच्याच बायका होत्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या.

पैसे मिळायचे पगार झाला की. धान्य, रॉकेल मात्र रोज लागणार. म्हणजे वाण्याकडे उधारी, नाहीतर सावकार. दागिना गहाण पडायचा आणि सुटायच्या आधी पुन्हा पडायचा. बँकेत जायची सोय नव्हती. तारण नाही, पगाराची चिठ्ठी नाही, दुकानाचा परवाना नाही. चाळीस माणसं जेवू घालणारी बाई कागदावर कोण? गृहिणी.

हे बदललं १९७५ साली. प्रेमाताई पुरव गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबाला कर्ज देण्याचं धोरण होतं. मंडळाने बायकांना बँकेच्या दारात नेलं. एकीने दुसरीची जबाबदारी घेतली, कर्ज मिळालं, आणि बायकांनी ते फेडून दाखवलं. आपल्या बचत गटांची बँक-जोडणी नाबार्डने १९९२ साली सुरू केली. त्याच्या सतरा वर्षं आधी चाळीतल्या या बायकांनी वाट पाडली होती. गट ही काही सरकारने आपल्याला वरून दिलेली वस्तू नाही, मैत्रिणींनो.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारच नाही तर खानावळीचे पैसे कुठून येणार? कामगारांची देणी थकली, तशी खानावळवालीचीही थकली. हळूहळू गिरण्या बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं देण्याची सरकारी योजना आली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी. हे योग्यच झालं, तो हक्क भांडून मिळवलेला आहे. पण त्यासाठी गिरणीत नोकरी केल्याचा कागद लागतो. वीस वर्षं गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बाईकडे कुठला कागद असणार? तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. नवरा किंवा वडील कामगार असतील तर त्यांची वारस म्हणून ती यादीत येईल. तिच्या स्वतःच्या कष्टाच्या नावाने नाही.

म्हणून वहीचा विषय. आज चाळी पाडून टॉवर होत आहेत, शेजारी पांगत आहेत. तुमच्या घरात, मजल्यावर एखादी आजी असेल जिने खानावळ चालवली. तिच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. गाव कोणतं, चाळ कोणती, खोली नंबर किती, किती माणसं जेवायची, महिन्याला काय घ्यायची, धान्य कुठून आणायची. उधारीची जुनी वही, बँकेचं पासबुक, फोटो सापडला तर रद्दीत घालू नका.

आणि स्वतःचंही बघा. डबे देता, मसाले करता, तर पावती द्या, खातं आपल्या नावावर ठेवा. नवीन घराचा करारनामा येईल तेव्हा त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते सही करायच्या आधी वाचा. वाचता येत नसेल तर गटात आणा, आम्ही वाचून दाखवू.

दुपारी तीननंतर आम्ही असतोच. या. नमस्कार.