मालवणच्या प्रवाळावरचा शेवाळ-हंगाम

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पावसाची वाटणी होते. पूर्वेला पडलेले पाणी कुंभीतून पंचगंगेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे निघते. पश्चिमेला पडलेले घाट उतरून बघता बघता अरबी समुद्र गाठते. पहिल्या पाण्यावर कोल्हापूरचे डोळे राजाराम बंधाऱ्यापाशी खिळलेले असतात. दुसऱ्याने काय घडते, हे पाहायचे तर मालवणला पाण्याखाली उतरावे लागते.

सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात इथले प्रवाळ आहेत. लक्षद्वीपची छायाचित्रे पाहून आलेल्याची थोडी निराशाच होते, कारण इथे दिसतात गढूळ पाण्याला सरावलेले, दगडासारखे गोलसर पुंजके. पण त्यांच्या शेजारच्या खडकावर वर्षभरात जी उलथापालथ होते, ती लक्षद्वीपपेक्षा कमी रंजक नाही.

जूनमध्ये लाटा खडक घासून काढतात. पाणी मातकट होते, उजेड खाली पोहोचत नाही, नद्यांच्या पाण्याने खारटपणा उतरतो. मोठी तपकिरी शैवाळे या दिवसांत जवळजवळ नसतात. मात्र भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हिरव्या उल्वाची चंगळ असते, आणि लाटांचा मारा झेलणाऱ्या खडकांवर पातळ, जांभळट पोर्फायरा उगवते. जपानी जेवणातली नोरी याच कुळातली. पाऊस सरला की ती नाहीशी होते. अशी शैवाळे उरलेले महिने कुठे काढतात, हे कोडे ब्रिटनच्या कॅथलीन ड्रू यांनी १९४९ मध्ये सोडवले: शिंपल्याच्या कवचात, सूक्ष्म तंतूंच्या रूपात. तोवर त्या तंतूंना वेगळीच वनस्पती समजत!

पाणी निवळू लागले की सरगॅसम या तपकिरी शैवाळाची पाळी येते. खडकाला चिकटलेल्या छोट्या चकतीतून दांडे निघतात; त्यांवर दातेरी पाने आणि वाटाण्याहून लहान, हवेने भरलेल्या गोळ्या. या गोळ्यांमुळे रोप पाण्यात ताठ उभे राहते आणि उजेड गाठते. हिवाळ्यात ते भरात असते. पुनरुत्पादन उरकले की उन्हाळ्याच्या तोंडाशी दांडे झडतात, बुडखा तेवढा खडकाला धरून राहतो. पुढच्या वर्षी त्यातूनच फूट येते. उसाचा खोडवा राखणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

डिसेंबरात डुबकी मारणारा पर्यटक हे रान पाहून म्हणतो, शेवाळाने प्रवाळ गिळले. घाई होते ती इथेच. सरगॅसमची सावली आणि घासणे प्रवाळाला जाचते हे खरे, पण तो जाच हंगामी असतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मॅग्नेटिक बेटाजवळही सरगॅसम उन्हाळ्यात माजते, हिवाळ्यात ओसरते. जमैकात मात्र शेवाळ ओसरलेच नाही. अतिमासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच घटले होते. १९८३ मध्ये तेच काम करणारे काळे समुद्री साळू रोगाने मेले. १९७७ ते १९९३ दरम्यान तिथल्या तळावरचे शेवाळाचे आच्छादन ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले आणि प्रवाळ ५२ वरून ३ टक्क्यांवर आले.

मालवणला भीती धरायची तर ती डोलणाऱ्या सरगॅसमची नव्हे, बोटभरही उंची नसलेल्या शेवाळी लवेची. ती गाळ धरून ठेवते, आणि गाळाने माखलेल्या खडकावर प्रवाळाची पिल्ले टिकत नाहीत. तापलेल्या समुद्रात प्रवाळ पांढरे पडून मेले की त्यांच्या सांगाड्यावर पहिला ताबा तिचाच. २०१५ मध्ये मालवणचे प्रवाळ असे पांढरे पडले होते.

म्हणून एकाच सहलीतल्या छायाचित्रावरून निदान करू नये. तोच खडक ऑक्टोबर, जानेवारी आणि मे महिन्यात, वर्षानुवर्षे टिपावा. मेमध्येही लव हटत नसेल, तर सांडपाणी, गाळ आणि शेवाळ खाणारे मासे यांची चौकशी लगेच सुरू करावी. खवळलेल्या पावसाळ्यात खाली उतरणे अवघड. तेव्हा ओहोटीला उघडे पडणारे खडक तरी किनाऱ्यावरून नोंदवता येतात, आणि त्याला हवेची टाकी लागत नाही, वहीपेन्सिल पुरते.