कामातले अवधान
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय चिटणीसबाईंनी पत्रिकेत ‘माइंडफुलनेस’ असा छापला आहे. ते नाव वाचून काहीजणी बिचकल्या असतील, तर काहीजणी ‘नंतर अल्पोपहार’ एवढ्याच भरवशावर आल्या असतील. दोघींचेही स्वागत आहे. नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. पाली भाषेत तिला ‘सति’ म्हणतात. म्हणजे आपली ‘स्मृती’. मराठीत अवधान म्हणा, भान म्हणा. “लक्ष कुठे आहे तुझे?” हा प्रश्न आपण मुलांना दिवसातून दहा वेळा विचारतो. तोच, न रागावता, स्वतःला विचारायचा, इथून या अभ्यासाला सुरुवात होते.

ध्यान म्हटले की डोळ्यांपुढे पद्मासन, उदबत्ती आणि शांत खोली उभी राहते. आता शांत खोली कोणाच्या घरी आहे, सांगा पाहू! सकाळी नळाला पाणी, मग डबे, मग सात-चाळीसची गाडी. पण हा अभ्यास मुळात कामाबाहेरचा नाहीच. ‘सतिपट्ठान सुत्त’ म्हणून जे प्राचीन पाली सूत्र आहे, त्यात भिक्षूंना श्वासाबरोबरच चालताना, वाकताना, चीवर पांघरताना, खाता-पिताना, एवढेच काय, शौचाच्या वेळीही भान ठेवायला सांगितले आहे. भिक्षूंना स्वयंपाक करावा लागत नसे. नाहीतर फोडणीचाही उल्लेख त्यात खास आला असता!

अलीकडची गोष्ट सांगायची तर १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रोग्यांसाठी वर्ग सुरू केला. आठ आठवड्यांचा वर्ग आणि रोजचा गृहपाठ. त्यातला एक पाठ बेदाण्याचा आहे. एकच बेदाणा हातात घ्यायचा, तो पाहायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. आपल्याकडे सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरे घेतली. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र आपल्यापैकी काहीजणींनी पाहिलेही असेल. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे. घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे तिथे सांगतात. ज्यांना ते जमते त्यांना माझा नमस्कार. पण नोकरी करून घर चालविणाऱ्या बाईला रोजचे दोन तास कोठून सापडणार? तास सापडत नाही म्हणून पाच मिनिटेही सुटतात, हे मात्र वाईट.

म्हणून माझे सांगणे असे, की नवी वेळ शोधू नका; रोजचे एखादे काम धरा. एकच. सकाळचा पहिला चहा घ्या. कपाची ऊब, वास, पहिला घोट. तोपर्यंत मोबाइल दुसऱ्या खोलीत. दुसऱ्याच घोटाला मन ऑफिसात जाऊन पोहोचेल, तिथून नणंदेच्या बोलण्यावर जाईल. जाऊ द्या. गेले हे ध्यानात आले की त्याला परत कपाशी आणा. पुष्कळजणी येथेच हिरमुसतात, “आमचे मन काही लागत नाही,” म्हणतात. अहो, मन जाणे हा त्याचा धर्म आणि परत आणणे हाच अभ्यास. वीस वेळा गेले, वीस वेळा आणले, तर तेवढा अभ्यास झाला.

जपानात रेल्वेचे नोकर सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. पाहणाऱ्याला गंमत वाटते. पण डोळा, हात आणि वाणी एका जागी आली की चूक कमी होते. घराबाहेर पडताना शेगडीकडे बोट दाखवून “गॅस बंद” म्हणा. जिन्यावरून पुन्हा वर पळत येणे वाचेल. बँकेत किंवा शाळेत खुर्चीवर बसल्यावर पहिल्या कामाला हात घालण्यापूर्वी तीन श्वास नुसते पाहा. लोकलमध्ये बसायला नाही मिळाले, तर पायांचे तळवे जमिनीला टेकलेले जाणवतात का ते पाहा. शेजारणीला पत्ताही लागणार नाही.

आता जे खरोखर बोलायचे आहे ते. “मन शांत ठेव” हे वाक्य बायकांना फार स्वस्तात ऐकविले जाते. हा अभ्यास म्हणजे मुकाट्याने सोसण्याचे नवे औषध, असे कोणी सांगू लागले तर ते मानू नका. भान आले की पहिल्यांदा काय कळते? आपण थकलो आहोत, हे कळते. आठवडाभर आपण एकदाही बसून जेवलो नाही, हे कळते. मग ते घरात बोलून दाखवायचे, कामे वाटून द्यायची. साहेबांनी दोन माणसांचे काम एकीवर टाकले असेल तर तीन श्वास घ्या आणि लेखी अर्ज द्या. अर्ज शांत डोक्याने लिहिला म्हणजे मुद्देसूद होतो, एवढा फायदा निश्चित. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल, तर एकटीने डोळे मिटून बसू नका, डॉक्टरांकडे जा. तीव्र मानसिक आजार असलेल्यांना दीर्घ शिबिरांतही प्रवेश देत नाहीत, तो विचारपूर्वकच.

टिकविण्याचे म्हणाल, तर गणपतीत, लग्नघरात, परीक्षांच्या दिवसांत खंड पडणारच. पडला तर मागची बाकी काढीत बसू नये. हे काही व्रत नव्हे, की मोडले म्हणून उद्यापन करावे लागेल. दुसऱ्या दिवशी चहा असतोच.

एकटीने चालविण्यापेक्षा चारचौघींत हे बरे चालते. आपल्या मंडळात मंगळवारी भजन असते. त्याआधी पाच मिनिटे सगळ्यांनी नुसते बसावे. मोबाइल दाराजवळच्या टोपलीत, घड्याळ एकीकडेच, आणि पाच मिनिटे झाली की तिने हलकेच टाळ वाजवावा. येत्या मंगळवारी हे काम कोण करणार, ते चिटणीसबाईंनी अल्पोपहारापूर्वीच विचारून घ्यावे. नंतर कोणी सापडणार नाही.