मैदान टिकले तर क्लब टिकेल



एरोमॉडेलिंगचा क्लब मैदानावर जगतो. अमेरिकेतही पुष्कळ क्लबांना दुसऱ्याच्या जमिनीवर विमाने उडवावी लागतात. ती जागा गेली की क्लब मोडतो. १९३६ साली स्थापन झालेली 'अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स' ही तेथील राष्ट्रीय संघटना संलग्न क्लबांच्या जागामालकांनाही विम्याचे संरक्षण मिळवून देते. उडत्या विमानाने ओळखसंकेत पाठवावा, हा २०२१ चा नियम. त्यातून सूट मिळणाऱ्या मैदानांसाठी शासनाकडे क्लबांच्या वतीने अर्जही ती करते.

हे स्तुत्यच आहे. परंतु भाडेकरार संपत आला, वा शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, तर केवळ परिपत्रकाने भागत नाही. अशा वेळी संघटनेचा जाणता कार्यकर्ता क्लबाच्या दारी गेला पाहिजे. राष्ट्रीय स्पर्धेतील विजेताही अखेर गावच्या मैदानावरच शिकलेला असतो.